तक्रार नाय, आपलं सांगितलं

"तक्रार नाय हो मॅडम, आपलं सांगितलं."

माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या बहुतेकांचं बोलणं या वाक्याने सुरू व्हायचं, नाहीतर या वाक्याने संपायचं. मधे जे असायचं ती अर्थातच तक्रार असायची. पण आमच्या कर्जत-खालापूरकडच्या माणसाला डॉक्टरांविरुद्ध तक्रार करणं म्हणजे जेवून उठल्यावर वाढणाऱ्याला नावं ठेवण्यासारखं वाटतं. म्हणून आधी रुग्णालयाची स्तुती, मग डॉक्टरांची, मग माझी, आणि अगदी निघता निघता, पायात चपला सरकवताना, "तेवढं एक, त्या खालच्या बाथरूमला कडी नाय. बायामाणसांची पंचाईत होते." मी लिहून घेऊ लागले की घाबरून माझा हात धरायचे. "लिवू नका, लिवू नका. आपलं सांगितलं."

खालापूर तालुक्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी समाजसेवा अधिकारी होते आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं रुग्ण मदत व तक्रार कक्ष सांभाळला. कक्ष म्हणजे खोली नव्हे. औषधांच्या खिडकीपासून जिन्यापर्यंत जो बोळ जातो, त्यात एक टेबल, एक पंखा, समोर एक खुर्ची आणि तिच्या शेजारी एक स्टूल. मागच्या भिंतीवर रुग्णांच्या हक्कांचा मोठा फलक. आपल्याला काय झालंय हे समजून घेण्याचा हक्क, उपचारांना हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क, तक्रार करण्याचा हक्क. फलकाच्या चौकटीचे खिळे जरा बाहेर आले होते, त्यांना लोक छत्र्या अडकवत. त्यामुळे पावसाळाभर हक्क झाकलेले असायचे.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच पगारावर मी. हे अवघड काम आहे, पण अशक्य नाही. डॉक्टरांना वाटतं ही लोकांची, लोकांना वाटतं ही डॉक्टरांची. दोघांनाही तसं थोडं थोडं वाटत राहिलं तर आपलं काम बरं चाललंय असं समजायचं.

मी मूळची कळंबची. वडील रेल्वेत गँगमन, घाटात ठाकुरवाडीच्या बाजूला रूळ सांभाळायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तीही कर्जतच्या शाळेतल्या एका बाईंनी प्रवेशाचा अर्ज स्वतः आणून हातात दिला म्हणून. त्या बाईंची आठवण काढल्याशिवाय मी माझ्या नोकरीविषयी कधी बोलत नाही. वडील डॉक्टरांच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचे आणि समोर स्टूल असलं तरी उभे राहायचे. "बसा" म्हटलं तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या सायेब, बरा हाय." बरा असता तर तिथे आला कशाला असता, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मला ते विचारायचं काम मिळालं, असं मी मानते.

तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. खोपोलीकडचे एक आजोबा म्हणाले, डॉक्टरांनी हातच लावला नाही, नुसतं मशीनकडे बघत होते. "आता मला सांगा, दुखतंय मशीनला का मला?" एका गृहस्थांनी शेजारच्या कॉटवरच्या माणसाला दोन इंजेक्शनं आणि आपल्याला एकच, म्हणून चक्क लेखी तक्रार केली. दोघांचे आजार वेगळे आहेत हे समजावल्यावर म्हणाले, "ते ठीक हाय. पन त्याला दोन दिली ना?" चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका तरुण मास्तरांनी दाखवून दिलं की अपंगांसाठी बांधलेला उतार जिथे संपतो, त्या दाराला आतून कुलूप आहे. मी पाठपुरावा करून कुलूप काढायला लावलं. मग त्या दारात जनरेटर आणून ठेवला. मास्तर पुन्हा आले तेव्हा नुसते हसले. त्या हसण्याची तक्रार मी स्वतःच लिहून वर नेली.

पण आज मला सांगायचं आहे ते समोरच्या खुर्चीबद्दल. माझ्या टेबलासमोर खुर्ची एक आणि स्टूल एक. कोणीही आलं की खुर्चीत नातेवाईक बसायचा आणि स्टुलावर पेशंट. कोणी सांगायचं नाही, आपोआप व्हायचं. घरातला मोठा माणूस खुर्चीत. बोलणार तो, सांगणार तो, सही करणार तो. ऑपरेशनच्या आधी जे संमतीपत्र असतं, त्यावरही आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरच्या मोठ्या माणसाची सही चालत आली होती. बाई शिकलेली असली तरी नवऱ्याची, म्हातारा शुद्धीवर असला तरी मुलाची. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. उलट मोठ्या माणसाला डावलून पेशंटची सही घेतली, तर तो अपमान समजला जायचा.

एका सकाळी ओपीडी नुकतीच सुरू झाली होती. मी मान वर केली तर टेबलाच्या कडेला एक बाई उभी. तिशीची, काटक, रापलेली. अंगावर रुग्णालयाचा गाऊन, त्यावर स्वतःची ओढणी, डाव्या हाताला सलाइनची सुई चिकटपट्टीने चिकटवलेली. म्हणजे वॉर्डातली पेशंट. एकटीच जिना उतरून आलेली.

"बसा," मी म्हटलं. ती बसली नाही. तिने उजवा हात स्वतःच्या पोटावर ठेवला, मग जिन्याच्या वर ऑपरेशन थिएटर आहे तिकडे बोट केलं, आणि हात उलटा करून माझ्याकडे बघितलं. काय?

मी दोन-तीनदा विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला ऐकू येत नाही. बोलताही येत नाही. तिने पुन्हा तेच केलं. पोट. वर बोट. काय? तिसऱ्यांदा तिने तो उलटा हात माझ्या टेबलावर आपटला.

मी तिला घेऊन वर बायकांच्या वॉर्डात गेले. वॉर्डाच्या प्रमुख शमीम सिस्टर तिला शोधतच होत्या. कर्जतला राहणाऱ्या, आवाज खणखणीत, अख्खा वॉर्ड त्यांना घाबरायचा. "ही बघा, आमची कैदी पळालेली," त्या म्हणाल्या. कॉटवरच्या पाटीवर नाव होतं सुरेखा. बाजूला तिचा मोठा भाऊ संतोष उभा होता आणि त्याच्यामागे, पदर डोक्यावर घेऊन, त्याची बायको मंदा. कडावजवळच्या गावची माणसं. थोडी भातशेती आणि दुधाचा धंदा.

"मुकीनं काय केलं?" संतोषने विचारलं. घरात तिला याच नावाने हाक मारत. म्हणजे हाक मारत नसत, तिच्याबद्दल बोलताना हे नाव वापरत.

"काही नाही. तिचं कसलं ऑपरेशन आहे?"

"पिशवी काढायचीय. उद्या सकाळी पयला नंबर."

आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. सुरेखाला पाळीत फार रक्त जायचं, गर्भाशयात गाठ होती, आणि महिन्यापूर्वी ती गोठ्यात चक्कर येऊन पडली होती. हे सगळं संतोषने नीट सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. तिला उचलून टेंपोत घालून त्यानेच आणलं होतं.

"तिला हे माहीत आहे का?" मी विचारलं.

"काय?"

"उद्या काय काढणार आहेत ते."

तो हसला. "तिला काय सांगायचं मॅडम? आणि तिला काय करायचीय पिशवी? लगीन तर होणार नाय. दर महिन्याची कटकट मिटंल तिची."

मी मंदाकडे बघितलं. "तुम्ही सांगितलंय का काही?"

मंदाने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. "पोटातली घाण काढणार, आसं सांगितलंय."

सुरेखा आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

इथे मला वाचकांना एक गोष्ट सरळ सांगायला हवी. सज्ञान माणसाच्या शरीरावर शस्त्रक्रिया करायची, तर संमती त्या माणसाचीच लागते. ती सुद्धा काय करणार, का करणार, दुसरा इलाज आहे का, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगून घेतलेली. ऐकू येत नाही म्हणून तो हक्क भावाकडे जात नाही. माझ्या मागच्या फलकावर, छत्र्यांच्या खाली, हे लिहिलेलं होतं.

मी सर्जनसाहेबांना फोन लावला. ते पनवेलहून आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच यायचे आणि त्या दिवशी त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसायचा. हुशार आणि सचोटीचे. ते म्हणाले, "संमती झालीय ना? भावाने सही केली आहे."

"पेशंटची नाही, सर."

"मग अंगठा घ्या. मॅडम, बाईच्या अंगात रक्त नाही. अशीच घरी पाठवायची का?"

शमीम सिस्टर शाईचा पॅड घेऊन आल्या. मी म्हटलं, थांबा, तिला आधी समजावू दे. पण संतोषला ते फारच सोपं वाटलं. "अंगठाच ना?" म्हणत त्याने सुरेखाचा हात धरला. तिने मूठ मिटली. अंगठा आत आणि वर चार बोटं, अशी घट्ट मूठ. तो एकेक बोट उघडायला लागला. तिच्या घशातून एक आवाज निघाला. तो ऐकून पलीकडच्या कॉटवरच्या बाया उठून बसल्या. सुईच्या जागेवरून रक्ताची धार मनगटावर आली.

"सोडा हात!" शमीम सिस्टर ओरडल्या. "सोडा म्हणते ना! माझ्या वॉर्डात हे चालणार नाय."

संतोषने हात सोडला. त्याचा चेहरा पडला होता आणि रागही आला होता. "मी काय हिच्या वायटावर हाय का? आई गेल्यापास्नं मीच सांभाळतोय. कुणी दुसऱ्यानं टाकून दिली असती."

ते खरं होतं. त्यामुळेच सगळं अवघड होतं.

दुपारी मी पनवेलच्या एका मूकबधिर शाळेतल्या निवृत्त शिक्षिकेला मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. त्या मोठ्या उत्साहाने हातवारे करू लागल्या. सुरेखा स्क्रीनकडे कौतुकाने बघत राहिली आणि मग मान हलवून बाजूला झाली. लहानपणी ती अशा शाळेत थोडेच दिवस गेली होती, तिथली भाषा विसरली होती किंवा शिकलीच नव्हती. तिची भाषा घरची होती. बाई म्हणाल्या, "तिच्या घरात जी तिच्याशी बोलते, तिलाच विचारा. तीच तुमची दुभाषी."

तीच तर पदराआड गप्प उभी होती.

मी अधीक्षकांकडे गेले. ते म्हणाले, "ऑपरेशन रद्द करण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही ते करायचं नाही. सकाळी सर्जन येतील, काय ते त्यांच्यासमोर." संध्याकाळी घरी जाताना डोक्यात तेच होतं. तिच्या अंगात रक्त कमी होतं हे खोटं नव्हतं. मी हक्काच्या गोष्टी करत तिला परत पाठवलं आणि ती पुन्हा गोठ्यात पडली तर? तेव्हा फलक कोणाच्या उपयोगी पडणार? मला डॉक्टरांइतकं कळत नाही. मला एवढंच कळत होतं की तिने मला विचारलं होतं, काय? आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नव्हतं.

सकाळी थिएटरच्या दाराबाहेर तिला स्ट्रेचरवर आणलं. ती आडवी पडायला तयार नव्हती. दोन्ही हातांनी कडेचा दांडा धरून ताठ बसली होती. डोक्याला हिरवी टोपी, डोळे लाल. सर्जनसाहेब हात धुवायला निघालेले, दारात थांबले. संतोष एका बाजूला, मंदा भिंतीला चिकटून.

"काय ठरलं?" सर्जन म्हणाले. "मागे तीन पेशंट थांबलेत."

"सर, तिला समजेल असं एकदा सांगू द्या. मग ती म्हणेल ते."

"सांगा ना. कोण सांगणार?"

मी मंदाकडे वळले. "वहिनी, दिवसभर गोठ्यात तुम्ही दोघी असता. तुम्ही बोलता ना हिच्याशी?"

मंदाने पदर पुढे ओढला. संतोष म्हणाला, "ती काय बोलणार? बाजूला हो मंदे, उगा तमाशा नको. सायेब, तुमी करा चालू."

वॉर्डबॉयने स्ट्रेचरला हात लावला. चाकं हलली. सुरेखाने एक हात दांड्यावरून काढला, मंदाचा पदर पकडला आणि ओढला. पदर डोक्यावरून खाली आला. मग तिने आदल्या दिवशी माझ्यासमोर केलं होतं तेच केलं. पोट. दाराकडे बोट. हात उलटा.

मंदाने पदर परत डोक्यावर घेतला नाही. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "ती मला इचारतेय. काल मी खोटं सांगितलं. आज नाय सांगणार."

"मंदे!"

"तुमी जरा गप ऱ्हावा ओ!"

वॉर्डबॉयने स्ट्रेचरवरचा हात काढला. मला वाटतं, त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं असावं.

मग मंदाचे हात चालू लागले. मी इतकी वर्षं माणसांशी बोलण्याची नोकरी केली, पण इतकं स्पष्ट बोलणं थोडंच ऐकलंय. तिने सुरेखाच्या पोटावर हात ठेवला. दोन हातांचा पाळणा करून झुलवला, तो पोटात ठेवला. मुठीएवढी गाठ दाखवली. कमरेखालून रक्त वाहिल्यासारखी बोटं सोडली, मान टाकून चक्कर दाखवली. मग दोन बोटांची कात्री. कात्रीने गाठ नाही, पाळणा कापला आणि तो सगळा, गाठीसकट, खिडकीबाहेर टाकून दिला.

सुरेखा खिडकीकडे बघत राहिली. मग तिने डोक्याला दोन्ही बाजूंनी बोटं लावली. शिंगं. खाली हात नेऊन धारा काढल्या. त्यानंतर तिचे हात इतके भराभर चालले की मला काही समजेना. मंदा बघत होती आणि तिच्या ओठांवर, अशा वेळी, चक्क हसू यायला लागलं.

"काय म्हणतेय?" सर्जनांनी विचारलं.

"म्हशीचं सांगतेय, सायेब. आमच्या म्हशीच्या कासंला गाठ आली व्हती. ह्यांनी गुरांचा डॉक्टर आणला. त्यानं गाठ काढली आणि कास ठेवली. म्हस अजून दूध देते." मंदा थांबली. सुरेखाने तिच्या दंडाला ढोसलं. "ती इचारते, म्हशीची नुस्ती गाठ काढली. माझं सगळं का फेकता?"

शमीम सिस्टरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. संतोष म्हणाला, "म्हस येगळी, माणूस येगळा," आणि काय बोललो ते लक्षात येऊन गप्प झाला.

सर्जनसाहेबांनी टोपी काढली. मला वाटलं, आता भडकणार. ते स्ट्रेचरजवळ आले आणि पहिल्यांदाच सुरेखाकडे बघून बोलले. वहिनींना म्हणाले, "तिला सांगा, तसंही करता येतं. फक्त गाठ काढायची, पिशवी ठेवायची. पण त्यात रक्त जास्त जाऊ शकतं. गाठ परत येऊ शकते. रक्ताच्या बाटल्या तयार लागतील. ते इथे होणार नाही, मोठ्या रुग्णालयात जावं लागेल. आणि तोपर्यंत अंगात रक्त भरायला हवं."

मंदाने सगळं सांगितलं, धोक्यासकट. गाठ परत येऊ शकते हे तिने दोनदा दाखवलं. सुरेखाने दोन्ही वेळा होकाराची मान डोलावली. मग स्वतःच स्ट्रेचरवरून खाली उतरली आणि टोपी काढून वॉर्डबॉयच्या हातात दिली.

जिना उतरताना संतोष माझ्या बाजूने गेला. "झालं समाधान?" तो म्हणाला. "आता ही मेली तर तुमच्या दारात आणून टाकतो."

मी खाली टेबलाशी गेले आणि त्या दिवसाची नोंद लिहायला घेतली.

थोड्याच दिवसांत तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "तुमच्यावर तक्रार करायची आसंल तर कुणाकडं करायची?"

"माझ्याकडेच. लिहून मी घेते, निकाल विश्वस्तांची समिती देते."

"चेष्टा करताय?"

"नाही. बसा."

तो खुर्चीत बसला. "लिवा. मॅडमनी ठरल्यालं आपरेशन मोडलं. बायकोला माझ्या तोंडाला तोंड द्यायला लावलं. बहिणीच्या जिवाशी खेळ केला."

तक्रार घेताना वाद घालायचा नाही हा माझ्या कामाचा पहिला नियम. तो मी इतक्या कष्टाने कधीच पाळला नव्हता. त्याचं बोलणं मी स्वच्छ, मुद्देसूद लिहिलं आणि वाचून दाखवलं. तो जरा गोंधळला. "तुमी तुमच्याच इरुद्ध बरं झ्याक लिवता ओ."

"अजून काही राहिलं का?"

त्याने खुर्ची मागे सरकवली, पण उठला नाही. मग म्हणाला, "गावात लोक इचारतात, आपरेशन झालं का? काय सांगू? म्हस बोलली म्हणून परत आणली, आसं सांगू?" मी खाली बघून लिहीत राहिले. जाताना त्याने सही केली. 'आपलं सांगितलं' असं मात्र तो म्हणाला नाही. ते वाक्य न म्हणता गेलेली फार थोडी माणसं मला आठवतात.

समिती बसेपर्यंतचे दिवस वाईट गेले. सुरेखा रक्तवाढीच्या इंजेक्शनांसाठी मंदाबरोबर यायची. ओठ पांढरे. बोळातून जाताना ती मला हात करायची, आणि मी दर वेळी तिच्या ओठांचा रंग बघायचे. एकदा ती ठरलेल्या दिवशी आली नाही. मी शमीम सिस्टरांना तीनदा विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, म्हैस व्यायलीय त्यांची. उद्या येते असा निरोप आहे. तुम्ही आधी तुमचं बीपी बघा."

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको. सुरेखाचं ऑपरेशन मोठ्या रुग्णालयात झालं. गाठ निघाली, पिशवी राहिली. रक्त द्यावं लागलं, पण ती उठली. गाठ परत येईल का, हे आजही कोणी सांगू शकत नाही. ती येते तपासणीला. मला समितीने समज दिली, की यापुढे अशी अडचण ऑपरेशनच्या दारात नव्हे, आधी लक्षात आणून द्यावी. ती समज मला मान्य होती आणि आहे. त्यानंतर आमच्याकडे संमतीपत्र पेशंटसमोर वाचून दाखवायला सुरुवात झाली. पाळलं जातंच असं नाही.

पण मला आठवतो तो समितीचा दिवस. तोपर्यंत काहीच झालेलं नव्हतं. सुरेखा अजून पांढरीफटक होती, मोठ्या रुग्णालयात न्यायचं की नाही यावर घरात अबोला होता, आणि माझी नोकरी राहील की नाही ते मला माहीत नव्हतं. मी समितीला विनंती केली होती की सुरेखाला आणि तिच्या वहिनीला बोलवा. त्या आल्या. लांब टेबलाच्या एका टोकाला विश्वस्त, मधे मी आणि संतोष, दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, त्या दोघी. शिपाई चहा देऊन गेला.

तक्रार वाचून झाली. मी माझं म्हणणं सांगितलं. संतोष बोलला, आणि चांगला बोलला. पडलेल्या बहिणीला टेंपोत कसं घातलं ते सांगताना त्याचा आवाज फाटला. अध्यक्ष म्हातारे वकील होते. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण आता पुढे काय? तुमच्या बहिणीचं म्हणणं काय आहे?"

सगळ्यांचे चेहरे संतोषकडे वळले. माझाही. सवयच ती.

संतोषने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग टेबलाच्या टोकाला बघितलं. सुरेखा नेहमीसारखी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"मला काय इचारता, सायेब?" तो चिडून म्हणाला. ज्या सुरात मला बोलला होता त्याच सुरात. "मघापास्नं ती हितं बसलीय. तिला इचारा ना! बोलते ती सगळं. म्हशीचं सुदा काढते."

अध्यक्ष जरा अवघडले. मग त्यांनी खुर्ची दाराच्या बाजूला वळवली आणि मोठ्याने, जणू मोठ्याने बोललं की ऐकू जाईल, विचारलं, "बोल बाई, तुझं काय म्हणणं आहे?"

मंदाचे हात हलले. सुरेखाने ते बघितले. तिने टेबलावरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग दोन-चार खुणा केल्या. मंदा लाजेने लाल झाली. "जाऊ द्या, सायेब."

"नाही नाही, सांगा."

"ती म्हणते... चा सगळ्यांना दिला. मला नाय दिला."

मी टेबलाकडे बघितलं. प्रत्येकासमोर कप होता. दाराजवळच्या त्या दोघींसमोर नव्हता. शिपाई त्यांच्या अगदी बाजूने आत आला होता आणि तसाच बाहेर गेला होता. आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"अरे, चहा आण!" अध्यक्ष ओरडले. "दोन आण!"

चहा आला. रुग्णालयात माझ्यासमोर जागच्या जागी निकाली निघालेली ती पहिली तक्रार. सुरेखाने चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि सावकाश प्यायला लागली. एका विश्वस्तांनी घड्याळाकडे बघितलं, मग हात खाली घेतला. संतोष आपल्या चपलांकडे बघत होता. बशी रिकामी झाली. तिने ती कपाखाली नीट ठेवली, ओढणीच्या टोकाला हात पुसले, आणि बोलायला सुरुवात केली.